हिरड्यांच्या विकारांवरील उपचार : शस्त्रक्रियेविना आणि शस्त्रक्रियेने

दात व हिरडी यांच्या सांध्यावर जिवाणूंचा थर साचला की हिरडी सुजते आणि दात घासताना रक्त येते. ही पहिली अवस्था, म्हणजे हिरडीदाह, पूर्ण बरी होते. सूज दाताभोवतीच्या तंतूंपर्यंत व हाडापर्यंत गेली की हिरडी दातापासून सुटून खिसा तयार होतो, हाड झिजते, दात हलू लागतात. याला बोलीत पायोरिया म्हणतात. गेलेले हाड सहसा आपोआप भरून येत नाही. झीज मात्र थांबवता येते.

तपासणीत मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई खिशात घालतात. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिमी. जाते.

शस्त्रक्रियेविना उपचार : यंत्राने किंवा हाताच्या अवजारांनी हिरडीच्या वरचे व खिशातले कीटण (थर कडक होऊन बनलेले) काढून मुळाचा पृष्ठभाग साफ करतात. खिसा खोल असल्यास जागा बधिर करतात. सूज ओसरल्यावर दात लांब व फटी मोठ्या दिसतात, त्यामुळे ‘दात साफ केल्याने ते ढिले होतात’ असा समज पसरतो. प्रत्यक्षात त्या फटी आधी कीटणाने बुजलेल्या असतात. काही आठवड्यांनी खिसे पुन्हा मोजतात.

शस्त्रक्रिया : भूल देऊन हिरडीला छेद देतात, ती उचलून मुळे व हाडातील खड्डे डोळ्यांसमोर साफ करतात आणि टाके घालतात. अरुंद, खोल खड्ड्यांत हाडाची भुकटी किंवा पातळ पडदा बसवून हाड भरून येण्यास मदत करता येते.

तुलना : युरोपीय तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शिकेनुसार पहिल्या उपचारानंतरही ६ मिमी. किंवा अधिक खोल राहिलेल्या खिशांसाठी शस्त्रक्रियेचा विचार करावा. ४ ते ५ मिमी.च्या खिशांची पुन्हा सफाई करावी. उथळ खिशात शस्त्रक्रियेने उलट दाताचा आधार कमी होतो. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा तंबाखू चालू असेल, तर दोन्ही उपचारांचे फळ उणे पडते.

शहापूर-मुरबाडमधील स्थिती : ठाणे जिल्ह्याच्या या डोंगराळ तालुक्यांत तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरी हे दुखणे वाढवते. ती जिथे रोज घासली जाते, तिथली हिरडी खाली सरकते. हिरडीची शस्त्रक्रिया व विशेष उपचार मुंबईतील शासकीय दंत महाविद्यालयात व महापालिकेच्या नायर दंत रुग्णालयात होतात. शहापूरकरांना आसनगावहून लोकल मिळते. मुरबाडला रेल्वे नसल्याने आधी रस्त्याने कल्याण गाठावे लागते. शस्त्रक्रियेपूर्वीची सफाई, टाके काढणे व पुढील तपासण्या धरता अशा खेपा अनेक होतात, म्हणून रक्त दिसताच जवळ दात साफ करून घेणे स्वस्त पडते. कोणताही उपचार झाला, तरी रोजची स्वच्छता व दर ३ ते ६ महिन्यांची तपासणी चुकवल्यास विकार उलटतो.