ब्रेक बोलतो तेव्हां

मोटारीचा इतिहास सांगावयाचा म्हणजे लोक एंजिनाची कथा सांगतात, वेगाचे विक्रम मोजतात. परंतु धांवत्या गाडीस थांबवितां आलें नसतें, तर तो वेग कोणाच्या कामीं आला असता? आज मी तुम्हांस ब्रेकाची कथा सांगणार आहें. ती झिजण्याची कथा आहे, आणि झीज वेळीं ओळखण्याचीहि.

इ. स. १८८६ मध्यें कार्ल बेन्झ यांनीं आपल्या तीनचाकी मोटारीचें पेटंट घेतलें. पण ही गाडी दूरच्या प्रवासास टिकेल असा भरंवसा लोकांस वाटेना. तेव्हां १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत त्यांच्या पत्नी बर्था बेन्झ, पतीस न सांगतां, ऑयगेन व रिखार्ड या दोघां मुलांना घेऊन जर्मनींतील मानहाइमहून फोर्झहाइम येथें माहेरीं निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक. इंधन सरलें, तें विस्लोखच्या औषधांच्या दुकानांत मिळालें. नळी तुंबली, ती टोपीच्या टांचणीनें मोकळी झाली. पण खरी परीक्षा उतारावर होती. ब्रेकाचे लांकडी ठोकळे घासून घासून झिजले व गाडी आंवरेनाशी झाली. बर्थाबाईंनीं वाटेंतील एका मोच्याकडून त्या ठोकळ्यांवर चामडें ठोकून घेतलें, आणि मगच त्या पुढें निघाल्या. ब्रेकाचें अस्तर जन्मास आलें तें असें.

या प्रसंगाचें मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. ब्रेक वेग गिळून टाकीत नाहीं. घर्षणानें तो वेगाची उष्णता करितो. गाडीचा वेग दुप्पट झाला, तर ही उष्णता चौपट होते. एवढा दाह सोसणारी वस्तु झिजणारच. म्हणून झिजण्याचें काम एका स्वस्त, बदलतां येणाऱ्या अस्तरावर सोंपवावें, हाच त्या चामड्याच्या तुकड्याचा बोध होय.

पुढें १८९७ मध्यें इंग्लंडांत हर्बर्ट फ्रूड यांनीं ब्रेकाचे ठोकळे व अस्तरें करण्याचा धंदाच आरंभिला. १९०२ मध्यें फ्रान्सांत लुई रनो यांनीं ड्रमचा ब्रेक आणला, तर त्याच वर्षीं इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं डिस्क ब्रेकाचें पेटंट घेतलें. लँचेस्टरांच्या ब्रेकांत धातूवर धातु घासे, आणि त्याची किंकाळी ऐकणाऱ्यांस असह्य होई. मग अ‍ॅस्बेस्टॉसचें अस्तर आलें. तें उष्णता सोशी व आवाजहि कमी करी; परंतु त्याची धूळ कारागिरांच्या फुप्फुसांत शिरून प्राणघातक ठरली. ब्रिटननें १९९९ मध्यें त्याच्या वापरावर बंदी घातली. डिस्क ब्रेकाचें भाग्य १९५३ मध्यें उजळलें. त्या वर्षीं ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतींत असे ब्रेक लावलेली जग्वार गाडी पहिली आली.

आणि पहा, इतिहासाची गंमत कशी! जी किंकाळी बंद करण्यासाठीं इतका खटाटोप झाला, तीच पुढें कारागिरांनीं मुद्दाम परत आणली. पुष्कळ गाड्यांच्या ब्रेक-पॅडला पोलादाची एक लहानशी पट्टी लावलेली असते. नव्या पॅडचें अस्तर साधारणतः १० ते १२ मिलिमीटर जाड असतें. तें झिजून दोन-तीन मिलिमीटर उरलें, कीं ती पट्टी डिस्कला टेकते व किंचाळूं लागते. ती किंचाळी म्हणजे बिघाड नव्हे. ती सूचना आहे.

ही सूचना न ऐकल्याचें फळ मीं स्वतः भोगलें आहे. मुंबई-पुण्याच्या वाटेवरील बोर घाटांत १८३० मध्यें गाडीरस्ता झाला, १८६३ मध्यें आगगाडी चढली. उताराचा धाक मात्र तेथें आजहि तोच आहे. पंधरा दिवस माझी गाडी बारीक किंचाळत होती. पावसाळी हवेचा परिणाम, अशी मीं मनाची समजूत घातली. एके दिवशीं खंडाळ्याहून उतरतांना किंचाळीची खरखर झाली, आणि गाडी नेहमींच्या जागीं थांबेना. मागें मुलें झोंपलीं होतीं. खालच्या गिअरवर, जीव मुठींत धरून, खोपोलीपर्यंत आलों. तेथील मिस्त्रीनें पॅड काढून हातावर ठेविलें. अस्तराचा मागमूस नव्हता, नुसतें लोखंड. डिस्कवर नांगराच्या तासांसारखे चरे पडले होते. “गाडी ओरडत होती ना, साहेब?” एवढेंच तो म्हणाला. मला उत्तर देववेना.

म्हणून, श्रोतेहो, ब्रेकाची भाषा ओळखून ठेवा. किंचाळी ऐकूं आली, कीं अस्तर तपासून घ्या. खरखर झाली, तर गाडी पुढें नेऊंच नका. पायटा मऊ लागला किंवा खोल जाऊं लागला, तर ब्रेकाच्या तेलांत हवा शिरली असेल किंवा तें गळत असेल. तें तेल हवेंतील ओल शोषतें व मग उतारावरच्या तापानें उकळतें. यास्तव सामान्यतः दोन वर्षांनीं तें बदलावें. ब्रेक दाबतांच गाडी एका बाजूस ओढूं लागली, तर दोन्ही चाकांचे ब्रेक सारखे धरीत नाहींत असें समजावें.

बर्थाबाईंजवळ इशारा देणारी पट्टी नव्हती, कीं दिवा नव्हता. हाताला ढील जाणवतांच त्या थांबल्या आणि मोच्याचें दार शोधूं लागल्या. आमच्यापाशीं सर्व साधनें आहेत. थांबण्याची बुद्धि तेवढी आपली आपणच बाळगावयाची आहे.