मळीला लाभलेली पत

जुनें घर पाडलें म्हणजे त्यांतील धड विटा पुन्हा भिंतीस लावाव्या आणि फुटक्या विटा कुटून त्यांची सुरखी करावी, हा आपल्याकडील गवंड्यांचा परिपाठ फार जुना आहे. चुन्यांत सुरखी मिसळली म्हणजे तो पाण्यांतहि घट्ट धरतो, हें ज्ञान त्यांस रसायनशास्त्राचें पुस्तक न उघडतां परंपरेनें प्राप्त झालें होतें. पुण्याच्या सायन्स कॉलेजांत स्थापत्याचें शिक्षण घेतलेले सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांच्या योजनेनें म्हैसूर संस्थानांत १९११ सालीं कृष्णराजसागर धरणाचें काम सुरू झालें, तेंहि सिमेंटावर नव्हे, तर चुना आणि सुरखी यांवर उभें राहिलें. भाजलेल्या मातीच्या भुकटीवर अशी श्रद्धा ठेवणारा मनुष्य कारखान्याच्या उकिरड्यावर मात्र सहजासहजीं विश्वास ठेवावयास तयार झाला नाहीं. ती कथा लोखंडाच्या भट्टींतून निघणाऱ्या धातुमळीची आहे.

भट्टींत लोहखनिज, कोक आणि चुनखडी हीं तीन द्रव्यें वरून घालतात. खनिजांतील वाळू व चिकणमाती यांचा अंश चुन्याशीं संयोग पावून वितळतो आणि लोखंडाहून हलका असल्यामुळें त्याच्या रसावर तरंगतो. हीच धातुमळी. लोखंड खालून काढून घ्यावयाचें आणि मळी बाहेर नेऊन ओतावयाची, असा क्रम शतकानुशतकें चालला होता. भट्ट्या लहान होत्या तोंवर त्यांत कांहीं अडचण नव्हती. त्या मोठ्या झाल्या, आणि मळीचे डोंगर उभे राहूं लागले.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील मिडल्झब्रो हें गांव याचें उत्तम उदाहरण होय. १८५० सालीं शेजारच्या एस्टन टेकड्यांत लोहखनिजाचा मोठा थर सांपडला आणि टीज नदीच्या कांठीं भट्ट्यांची रांग लागली. खनिज हलक्या प्रतीचें असल्यामुळें एक टन लोखंडामागें टनाहूनहि अधिक मळी निघे. ती ठेवावयाची कोठें, हा कारखानदारांपुढें पेंच पडला. त्याच सुमारास नदीच्या मुखाशीं वाळू सांचून गलबतें अडकत असत. एका अडचणीनें दुसरी निवारण्याचें ठरलें. १८६१ पासून मुखाच्या दक्षिण बाजूस समुद्रांत मळी टाकून बांध घालण्यास आरंभ झाला. सुमारें ५० लक्ष टन मळी पोटांत घेऊन तो पुरा झाला आणि १८८८ सालीं समारंभपूर्वक खुला करण्यांत आला. कांहीं मळी सांच्यांत ओतून तिच्या निळसर विटा करीत व त्या गल्ल्यांच्या फरसबंदीस वापरीत. तरीहि येथवर मळी ही केवळ दगडाची जागा घेत होती. तिच्या अंगीं याहून मोठा गुण आहे, तो जर्मनींत उघडकीस आला.

१८६२ सालीं ट्रॉइसडॉर्फ येथील लोखंडाच्या कारखान्यांत एमिल लांगेन यास असें आढळलें कीं, वितळलेली मळी एकदम पाण्यांत सोडली तर तिचे कांचेसारखे कण होतात, आणि ते चुन्याबरोबर मिसळले असतां दगडाप्रमाणें कठीण होतात. सावकाश निवलेल्या मळीचा स्फटिकमय दगड बनतो व तो स्वस्थ पडून राहतो. एकाएकीं निवलेल्या मळीस स्फटिक बनण्यास अवसर मिळत नाहीं, म्हणून तिची रासायनिक शक्ति जणूं आंत कोंडून राहते. नुसत्या पाण्यानें ती फारशी जागी होत नाहीं. चुना अथवा सिमेंट यांचा सहवास लाभला म्हणजे जागी होते. द्रव्य तेंच, परंतु निवण्याच्या रीतीनें एक टाकाऊ ठरतें व दुसरें उपयोगी पडतें.

त्या वेळीं जोसेफ ॲस्पडिन यानें १८२४ सालीं पेटंट घेतलेल्या पोर्टलंड सिमेंटाचा युरोपांत जम बसला होता. त्यांत मळीची पूड मिसळावी काय, यावरून १८८० नंतरच्या दशकांत जर्मनींत मोठा वाद माजला. सिमेंटवाल्यांच्या संघानें मिश्रणास भेसळ ठरविलें. त्यांचा आक्षेप अगदींच स्वार्थाचा होता असें म्हणतां येत नाहीं. मिसळलेला माल शुद्ध पोर्टलंडच्या नांवानें विकला गेला, तर घेणाऱ्यानें काय ओळखावें? पुलाची कमान खचली तर उत्तर कोणीं द्यावें? उलट मळीच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, माल नांवावरून नव्हे, परीक्षेवरून पारखावा.

अखेर परीक्षेचाच मार्ग स्वीकारण्यांत आला. सरकारी प्रयोगशाळेंत दोन्ही प्रकारचे नमुने वर्षानुवर्षें तपासले गेले. मळीचें सिमेंट आरंभीं सावकाश बळ धरतें, परंतु पुढें मागें राहत नाहीं. निवतांना कमी तापतें, आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यास अधिक दाद देत नाहीं, असें अनुभवास आलें. १९०९ सालीं सरकारनें तीस टक्क्यांपर्यंत मळी असलेल्या सिमेंटास पोर्टलंडच्या बरोबरीचा मान दिला. १९१७ सालीं पंचायशीं टक्क्यांपर्यंत मळी असलेल्या दुसऱ्या प्रकारासहि मान्यता मिळाली. मात्र या दोहोंस स्वतंत्र नांवें व स्वतंत्र नियम देण्यांत आले. भेसळीचा कलंक धुतला गेला तो या उघडपणामुळें.

हिंदुस्थानांत जमशेटपूर येथें १९११ सालीं टाटांच्या भट्टींतून पहिलें लोखंड वाहिलें आणि त्याबरोबर मळीचाहि ओघ सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर १९५३ सालीं मळीच्या सिमेंटाचें भारतीय मानक प्रसिद्ध झालें. आजच्या नियमांप्रमाणें त्यांत सत्तर टक्क्यांपर्यंत मळी चालते. भट्टीपाठोपाठ वीजकेंद्राची पाळी आली. कोळसा जाळल्यावर धुराबरोबर उडणारी राख ही सुरखीची जणूं धाकटी बहीण होय. १९६२ सालीं पूर्ण झालेल्या रिहंद धरणांत तिचा उपयोग करण्यांत आला. पुढें राखेचे तलाव शेतजमिनी गिळूं लागले, तेव्हां १९९९ सालीं केंद्र सरकारनें औष्णिक वीजकेंद्राच्या पन्नास किलोमीटर परिसरांतील वीटभट्ट्यांस मातींत राख मिसळणें बंधनकारक केलें. सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघर येथील धरणांत तर सिमेंटाहून राख अधिक वापरली गेली.

या उद्योगाचें महत्त्व आतां केवळ जागा वांचविण्यापुरतें राहिलेलें नाहीं. सिमेंटाचा एक टन क्लिंकर भाजतांना आठशें किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड वातावरणांत जातो. जितकी मळी वा राख त्याच्या जागीं येईल, तितकें हें ओझें हलकें होतें. परंतु या लाभाच्या भरांत जर्मनींतील वादाचा धडा विसरतां कामा नये. प्रत्येक कारखान्याची राख सारखी नसते, आणि न तपासलेली राख भिंतींत घालणें ही आजहि भेसळच होय. घर बांधणाऱ्या गृहस्थानें गोणीवरील नांव व मानकाचा शिक्का वाचून घ्यावा. मळीला पत मिळवून देण्यास जवळजवळ अर्धें शतक लागलें. ती टिकविणें हें विकणारा, बांधणारा आणि घेणारा या तिघांचेंहि काम आहे.