भट्टीची आच आणि अंशांचे माप
अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली आलेल्या गोव्यातील पेडणे आणि डिचोली महालांत काजूच्या भट्टीला तापमापक ठाऊक नव्हता. बोंडे तुडवून काढलेला रस आपोआप आंबला की तो भाणात, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात, उकळला जाई आणि वाफ थंड करून द्रवरूप करणाऱ्या मडक्यावर पाणी ओतत राहावे लागे. मद्यार्क सुमारे 78 अंश सेल्सिअसला, तर पाणी 100 अंशांना उकळते, त्यामुळे लाकडे जरा जास्त सारली की पाण्याची वाफ वाढून पहिल्या उताऱ्याचा हुर्राक फिका पडे. तीव्रता ‘ग्राव’ या मापात मोजली जात असली, तरी ते मोजमाप उतारा पडल्यानंतरचे. स्वस्त डिजिटल तापमापक आच चढतानाच सावध करतो, मात्र लाकडाची आच आवरायला अनुभवी हातच लागतो. अशाच भट्टीत बनणाऱ्या काजूच्या मद्याला, म्हणजे फेणीला, 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.