मनुष्यवस्तीस अयोग्य

महाविद्यालयात मराठीचे अध्यापन करताना ‘आरोग्य’ या विषयावरील निबंध आम्ही वर्षानुवर्षे तपासत आलो आहोत. त्यांत एक वाक्य हटकून सापडते : गरीब वस्त्यांत अस्वच्छ सवयींमुळे रोगराई पसरते. या वाक्याखाली आम्हीही कधी लाल रेघ ओढली नाही. मुंबईच्या प्लेगविषयी वाचत गेलो, तेव्हा मात्र हे वाक्य किती जुने आहे आणि त्याची किंमत कोणी मोजली आहे, हे ध्यानात येऊ लागले.

प्लेग म्हटला की मराठी माणसाला दोन घटना आठवतात. दोन्ही पुण्याच्या आणि दोन्ही १८९७ सालच्या. १० मार्च रोजी रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांना आलेला मृत्यू ही एक. २२ जूनच्या रात्री रँडवर चाफेकरांनी झाडलेल्या गोळ्या ही दुसरी. परंतु ही साथ सुरू झाली मुंबईत. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात तिचे निदान केले. मांडवी ही गोदीलगतची पेठ. तेथे धान्याच्या वखारी आणि माणसांची दाट बिऱ्हाडे एकमेकांना खेटून होती. उंदरांना याहून सोयीची जागा कोणती?

रोगाचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. तो उंदरावरील पिसवेमार्फत माणसापर्यंत पोचतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. तोवर सरकारी यंत्रणा घाण आणि कोंदट हवा या शत्रूंशी लढत होती. गटारे समुद्राच्या पाण्याने धुतली गेली, भिंतींना चुना फासला गेला, आत ऊन यावे म्हणून छपरांची कौले उतरवली गेली. आणि अनेक घरांच्या भिंतींवर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवली गेली. त्यांचा अर्थ : मनुष्यवस्तीस अयोग्य.

हा शेरा खरा होता. प्रश्न एवढाच होता की, घर अयोग्य ठरल्यावर त्यातल्या माणसाने जायचे कुठे?

१८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढून कोंडलेल्या वस्त्यांत समुद्राचा वारा खेळवावा, ही कल्पना काही वाईट नव्हती. पण पहिल्या दोन दशकांत मंडळाने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती मध्यमवर्गाच्या वाट्याला आल्या. गिरणीच्या भोंग्याबरोबर कामावर हजर व्हायचे, तर कामगाराला गिरणीपासून चालत पोचता येईल एवढ्याच अंतरावर राहणे भाग होते. तो शेजारच्या चाळीत शिरला. गर्दी मोडली नाही, ती सरकली. १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे पॅट्रिक गेडिस सरसकट पाडापाडीला विरोध करत होते. अगदी आवश्यक तेवढीच घरे काढून वस्तीला श्वास घेऊ द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याच सुमाराचे काही आकडे वाचून आम्ही सुन्न झालो. १९२१ साली मुंबईत एका खोलीत किंवा तिच्या एखाद्या भागात राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार जन्मांमागे ८२८ अर्भके दगावल्याची नोंद आहे. दोन खोल्यांच्या घरांत हा आकडा ३२२, तीन खोल्यांच्या घरांत १९१, तर चार वा अधिक खोल्यांच्या घरांत १३३. एकेक खोली वाढते आणि मृत्यू एकेक पाऊल मागे सरतो.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबले पाहिजे. अनेक कामगार स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात वा देशावर गावी जात. जन्म गावी नोंदला जाई आणि मूल दगावे मुंबईत. त्यामुळे ८२८ हा आकडा फुगलेला आहे. शिवाय एका खोलीत राहणारा माणूस अर्धपोटीही असे. आईला कामावर जावे लागे आणि तान्हे बाळ झोपून राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळागोळी’ चाटवली जाई. प्रसूतीच्या रजेचा भत्ता देणारा कायदा मुंबई प्रांतात झाला तो १९२९ मध्ये. म्हणजे सारा दोष चार भिंतींचा नव्हे. पण खोली, मजुरी आणि रजा या तिन्ही गोष्टी वजा करून जी उरते, तिलाच आपण ‘सवय’ म्हणत आलो आहोत. दहा माणसांना एक मोरी आणि अख्ख्या मजल्याला एक नळ असेल, तर स्वच्छतेची सवय माणसाने लावून घ्यायची कशाच्या बळावर?

हे सारे मागे पडले, असे म्हणण्याची सोय नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेची २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी गोवंडी-मानखुर्द भागातील पुनर्वसन इमारतींची होती. इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही. आणि अशा वसाहतींत क्षयाचे प्रमाण अधिक, असे तीत आढळले. झोपडी जाऊन पक्के घर आले, परंतु प्लेगच्या काळात कौले उतरवून ज्या उन्हाला आत घेतले होते, तेच बाहेर राहिले.

सव्वाशे वर्षांपूर्वी निदान घराला अयोग्य ठरवण्याइतका प्रामाणिकपणा त्या तीन अक्षरांत होता. आपण तो शेरा भिंतीवरून काढून माणसाच्या कपाळी मारला. निबंधातले ते वाक्य यापुढे समोर आले, तर त्याखाली लाल रेघ ओढायची आणि समासात एकच प्रश्न लिहायचा, असे आम्ही ठरवले आहे : ‘खोली केवढी होती?’