ब्रॉडबॉक: शेताखालच्या नळ्यांची साक्ष

ताम्रपट, बखरी आणि दप्तरे यांच्या सहवासात रमणाऱ्या आपल्याला निचऱ्याची नळी हे इतिहासाचे साधन आहे असे सहसा वाटत नाही. आजच्या थ्रेडचे साधन मात्र तेच आहे. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात रोथॅमस्टेड येथे ब्रॉडबॉक नावाचे शेत आहे. त्याच्याखाली १८४९ साली भाजक्या मातीच्या नळ्या पुरण्यात आल्या.

शेताचे मालक जॉन बेनेट लॉज. १८४२ साली त्यांनी सुपरफॉस्फेटचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी रसायनज्ञ जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांच्यासह येथे गव्हाचा प्रयोग आरंभला. शेताचे लांबच लांब पट्टे पाडले. एकाला काहीच नाही, एकाला शेणखत, इतरांना नत्र, स्फुरद, पालाश यांची निरनिराळी मिश्रणे. (हा प्रयोग आजही चालू आहे!) नळ्या घातल्या त्या केवळ पाणी साचू नये म्हणून, पण प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध एक नळी असल्याने प्रत्येक खताचे पाणी आपोआप वेगळे होत होते.

१८६६ साली या नळ्यांची तोंडे मोकळी करून पाण्याचे नमुने घेण्याची सोय झाली. पहिली पृथक्करणे ऑगस्टस व्होल्कर यांनी केली. (हिंदुस्थानच्या शेतीवर १८९३ साली प्रसिद्ध अहवाल लिहिणारे जॉन ऑगस्टस व्होल्कर हे त्यांचेच चिरंजीव.)

माती अमोनिया धरून ठेवते, हे जे. थॉमस वे यांनी १८५० साली दाखवले होते. त्यामुळे शेतात घातलेले नत्र सुरक्षित आहे, असा विश्वास होता. नळ्यांच्या पाण्यात अमोनिया खरोखरच नाममात्र निघाला. परंतु नायट्रेट भरपूर होते, आणि अमोनियम क्षार जितके अधिक, तितके तेही अधिक. पेरणीआधी शरद ऋतूत टाकलेले नत्र गव्हाच्या मुळांना पोहोचण्यापूर्वीच हिवाळी पावसाने वाहून जात होते. खतांच्या कारखानदाराच्या स्वतःच्या शेतातून हा पुरावा निघाला आणि त्याने तो दडपला नाही, हे मला विशेष वाटते.

एक अडचण उरली. बरेचसे पाणी नळ्यांना चुकवून खालच्या खडूच्या थरात झिरपे. पाण्यात नायट्रेट किती, हे कळे. शेतातून एकूण गेले किती, हे कळत नसे. म्हणून १८७० साली तीन निचरामापके बांधली. माती न विसकटता तिचा ठोकळा कायम ठेवून त्याखाली छिद्रांचे लोखंडी पत्रे सरकवले, भोवती विटांच्या भिंती उभारल्या. प्रत्येकाचे क्षेत्र एकराचा हजारावा भाग. खोली २०, ४० आणि ६० इंच. यांत खत नाही, पीक नाही. तरीही वर्षानुवर्षे नायट्रेट येतच राहिले! ते मातीतील जुन्या सेंद्रिय नत्रापासून बनत होते. ही घडण सजीवांकडून होते, असे १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी दाखवले. रोथॅमस्टेडमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी तो धागा पुढे नेला.

ब्रॉडबॉकचे पाणी तपासणारे दुसरे रसायनज्ञ एडवर्ड फ्रँकलंड त्याच सुमारास नदीप्रदूषणाच्या शाही आयोगाचे सदस्य होते. शेताचे आणि नदीचे पाणी एकाच माणसाकडे येत होते. तरीही लॉज आणि गिल्बर्ट यांची चिंता मुख्यतः शेतकऱ्याच्या गाठीच्या पैशाची राहिली. त्यांच्या निष्कर्षातला दिलासा हा की, स्फुरद जवळजवळ वाहत नाही. माती ते पकडून ठेवते. ते बिनधास्त घालावे, ही समजूत त्यातूनच बळावली.

१९९० च्या दशकात ब्रॉडबॉकच्या निचऱ्यात पुन्हा स्फुरद मोजले गेले. १९९५ साली हेक्रॅथ आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: मातीतील उपलब्ध स्फुरद किलोमागे सुमारे ६० मिलिग्रॅमच्या पुढे गेले की निचऱ्याच्या पाण्यातील त्याचे प्रमाण झपाट्याने चढते. दीडशे वर्षे खत आणि शेणखत खाल्लेल्या काही पट्ट्यांनी ती मर्यादा केव्हाच ओलांडली होती.