गंधज्ञान : रेणवीय उपपत्तींचा इतिहास

सुवासिक पदार्थांचे कण गुळगुळीत व दुर्गंधी पदार्थांचे खडबडीत असतात, असे रोमन कवी लुक्रीशिअस (इ. स. पू. पहिले शतक) याने मानले होते. १९३८ मध्ये मॅल्कम डायसन यांनी गंध रेणूच्या कंपनांवरून ठरतो असे प्रतिपादिले. उलट जॉन अ‍ॅमूर यांनी १९५२ मध्ये आकाराचा पक्ष घेऊन, रेणू नाकातील ठराविक खाचेत बसतो असे मांडले. या वादात कार्व्होन हे संयुग मोठे उद्‌बोधक आहे. त्याचे दोन प्रकारचे रेणू परस्परांच्या आरशातील प्रतिमा असून त्यांची कंपने सारखीच असतात. तरीही एकास पुदिन्याचा, तर दुसऱ्यास कॅरावे या शहाजिऱ्यासारख्या मसाल्याचा वास येतो. हा फरक भेसळीमुळे नव्हे, हे १९७१ मध्ये सिद्ध झाले. तथापि नाकातील ग्राहीच अज्ञात असल्याने सारा वाद तर्कावरच चालला होता. १९९१ मध्ये लिंडा बक व रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी उंदरातील गंधग्राही प्रथिनांचे विस्तृत जीन-कुल शोधून काढले (नोबेल पारितोषिक, २००४). मानवात असे सु. ४०० कार्यक्षम ग्राही आहेत. एक रेणू अनेक ग्राहींना उद्दीपित करतो व एक ग्राही अनेक रेणूंना प्रतिसाद देतो. त्यामुळे मोजक्या मूलगंधांसाठी मोजक्या खाचा, ही अ‍ॅमूर यांची कल्पनाही टिकली नाही. मानवी गंधग्राहीची, त्यात गंधरेणू बद्ध असतानाची, त्रिमितीय संरचना २०२३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली.