खारेपाटाचा बांध

लहान शेती परवडत नाही, म्हणून जमीन आपोआप मोठ्या भांडवलाकडे जाते, असे सर्रास सांगितले जाते. पेण आणि रोहा तालुक्यांचा इतिहास पाहिला तर हे कारण मला फार अपुरे वाटते. इथल्या खाडीकाठची भातशेती निसर्गाने आयती दिलेली नाही. धरमतर आणि कुंडलिका खाडीच्या भरतीत बुडणारी दलदल बांध घालून लागवडीखाली आणली गेली आणि त्यातून खारेपाट उभा राहिला. जुन्या कुलाबा जिल्ह्यात अशा जमिनींसाठी शिलोत्री नावाची वहिवाटच होती. खारबांध राखण्याचे काम शिलोत्रीदाराकडे असे आणि त्याबद्दल बिघ्यामागे मणभर भात त्याला मिळे. म्हणजे एकेका कुटुंबाचे शेत लहान असले, तरी त्याला तोलून धरणारी गोष्ट मोठी आणि सामाईक होती. इथल्या लहान शेतीचे काय झाले याचे उत्तर शेताच्या आकारात शोधण्यापेक्षा या बांधाच्या नशिबात शोधावे लागते.

हा बांध राखायचा म्हणजे काय, हे नीट पाहायला हवे. खाडीतलाच चिखल कापून, त्याचे गोळे एकावर एक रचून तो उभारायचा. जागोजागी उघाडी ठेवायची. भरतीच्या दाबाने तिची झडप मिटते आणि ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिच्यातून बाहेर पडते. झडप कुजली किंवा खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपू लागले, तर पुढच्या उधाणाला बांध फुटून खांड पडते. खारे पाणी एकदा शेतात शिरले की खार धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात. म्हणून खांड दिसली की साऱ्या गावाला त्याच दिवशी चिखलात उतरावे लागे, कारण एकाच्या शेतापुढची खांड शेजाऱ्यालाही बुडवणारी असे. खार सोसणारा राता भात, जिताडा मासा, भात निघाल्यावर घेतलेला वाल, असे सारे गणित या बांधाच्या आत बसलेले होते.

जमीन एका हाती एकवटली असती तर या प्रदेशाचे भले झाले असते, असे म्हणणाऱ्यांनी खोतीचा काळ आठवावा. पेण, रोहा, माणगाव, महाड या भागांत खोतीची गावे होती. गावचा सारा वसूल करण्याचा हक्क एका खोताच्या हाती होता, पण घाम कुळांचा होता. पिकाचा मोठा वाटा खंड म्हणून खोताच्या घरी जाई आणि जमीन सुधारण्याची कुळाला उमेद राहत नसे. शेजारच्या अलिबाग तालुक्यात १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीचा शेतकरी संप सुरू झाला आणि सहा वर्षे चालला. कुळांनी पेरणी नाकारली, उपासमार सोसली, पण माघार घेतली नाही. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या कायद्याने, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कुळे कायद्याने जमिनीची मालक ठरली. एवढ्या झगड्यानंतर हाती आलेली लहान शेती मागासलेपणाची खूण मानणे मला अन्यायाचे वाटते.

मात्र जमिनीची मालकी कुळाकडे येत असतानाच बांधाची जबाबदारी गावापासून दूर गेली. १९४८ च्या कायद्याने खारभूमी विकास मंडळ आले, १९७९ च्या कायद्याने हे काम शासनाच्या यंत्रणेकडे स्थिरावले. हेतू चांगला होता, कारण गावांना एवढा खर्च झेपणारा नव्हता. पण प्रस्ताव, मंजुरी आणि निविदा यांची वाट उधाण पाहत नाही. खांडी पडून राहिल्या, शेते नापीक झाली, त्यांत कांदळवन वाढले. अशी जमीन मग कागदोपत्री पडीक दिसते आणि पडीक जमीन उद्योगाला द्यायला कोणाची हरकत असणार?

वाटण्यांनी तुकडे झाले, तरुणांना चिखल नको आहे, धाटाव-डोलवीच्या कारखान्यांत पगार मिळतो, असा आक्षेप येतो. तो खोटा नाही. एकट्या पावसाळी भातावर घर चालत नाही, हे मान्यच करायला हवे. पण रोह्याकडे पाहा. टाटांनी मुळशीला धरण बांधले, सेनापती बापटांच्या सत्याग्रहानंतरही मावळातली गावे बुडाली, आणि भिऱ्याच्या वीजघरातून सुटणारे ते पाणी कुंडलिकेला आले. डोलवहाळच्या बंधाऱ्यातून कालवे निघाले आणि लहान तुकड्यांवरही उन्हाळी भात उभा राहिला. शेतकरी तोच, तुकडाही तेवढाच. फरक पाण्याने पडला. पेणमध्ये हेटवणे धरण झाले, पण त्याचे पाणी नवी मुंबईकडे जोमाने गेले आणि शेतापर्यंतचे कालवे रखडले.

या पाण्याचा मुद्दा २००८ साली निर्णायक ठरला. रिलायन्सच्या महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी उरण, पेण आणि पनवेल तालुक्यांतल्या ४५ गावांची जमीन मागितली गेली होती. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या नेत्यांनी आंदोलन उभे केले आणि हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या पेणच्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारलाच शेतकऱ्यांचे मत घ्यावे लागले. कौल प्रकल्पाच्या विरोधात होता. पुढे भूसंपादनाची मुदत टळली आणि तो बेत बारगळला. भाव चांगला मिळेपर्यंत ताणून धरण्याची ती युक्ती होती, असे काही जण म्हणतात. काहींच्या मनात तसे असेलही. पण जमीन परवडतच नसती तर कालव्याच्या पाण्यावरचा हक्क हा या विरोधाचा कणा झाला नसता. प्रकल्प गेला, तरी कालवे पुरे करण्याचे आणि खांडी बांधण्याचे काम तसेच मागे राहिले. जमीन मग एकेका सातबाऱ्याने, गाजावाजा न होता विकली जाऊ लागली, आणि तिथे कोणी मतदान घेत नाही.